दवाखान्यातली मालिका

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात 'माध्यमे आणि बायकांचे आरोग्य' या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या सत्रात मी आपल्याकडच्या मालिकांवर बोलावं अशी संयोजकांची अपेक्षा होती. पण सासू, मंगळसूत्र, जरीच्या साडीत झोपणारी सून, यावर आपण इतकी वर्षं बोलत आलोय की आता बोलणाऱ्यांनाही कंटाळा आला असेल. बायका मालिका बघायच्या थांबलेल्या नाहीत, आपणही थांबलेलो नाही. खरं की नाही? (हशा.) म्हणून आज जरा लांबचं उदाहरण घेते, दक्षिण आफ्रिकेचं. तिथे अफ्रिकान्स भाषेत 'बिनेलांडर्स' नावाची एक मालिका आहे. २००५ सालच्या ऑक्टोबरमध्ये ती एम-नेट या वाहिनीवर सुरू झाली. 'बिनेलांड क्लिनिक' नावाचं एक खाजगी रुग्णालय, त्यातले डॉक्टर, नर्सेस, पेशंट, त्यांची प्रेमं आणि भांडणं. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, वर्षानुवर्षं. अफ्रिकान्स मला येत नाही, पण खाली इंग्रजीत संवाद येतात, त्यामुळे गोष्ट कळते.

'बिनेलांड' म्हणजे देशाच्या आतला, समुद्रापासून दूरचा मुलूख. 'देशावरचा' म्हटलं की आपल्याला जसं कळतं, काहीसं तसंच. सुरुवातीला तिचं नाव 'बिनेलांड सुब युडिसे' होतं. यातलं 'सुब युडिसे' म्हणजे न्यायप्रविष्ट. आपल्यापैकी ज्यांनी पोटगीसाठी कोर्टाच्या खेपा घातल्यात, त्यांना हा शब्द कुणी समजावून सांगायला नको. पुढे नाव आटोपशीर झालं आणि मालिका 'कायकनेट' या फक्त अफ्रिकान्स कार्यक्रमांच्या वाहिनीवर गेली. 'कायक' म्हणजे बघ. या दोन्ही वाहिन्या पैसे भरून घ्यायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, गोऱ्यांच्या भाषेतल्या, गोऱ्यांच्या खाजगी दवाखान्यातल्या मालिकेशी आपला काय संबंध? संबंध आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दक्षिण आफ्रिका हा श्रीमंत देश. सोनं, हिरे, मोटारी, सगळं होतं. पण टेलिव्हिजन नव्हता. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा जगभर लोकांनी तो घरात बसून पाहिला, दक्षिण आफ्रिकेत नाही. टपाल आणि तार खात्याचे मंत्री होते आल्बर्ट हर्ट्झोग. ते टेलिव्हिजनला सैतानाची पेटी म्हणत. भीती अशी की घराघरांत चित्रं पोहोचली तर काळ्यांना आणि गोऱ्यांना एकमेकांची आयुष्यं दिसतील, आणि इंग्रजी कार्यक्रमांच्या लोंढ्यात अफ्रिकान्स वाहून जाईल. अखेर ५ जानेवारी १९७६ ला टेलिव्हिजन आला. एकच वाहिनी, निम्मा वेळ इंग्रजी आणि निम्मा अफ्रिकान्स. काळ्यांच्या भाषांना त्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळ्या वाहिन्या निघाल्या त्या १९८२ मध्ये.

आणि त्याच वर्षी, १६ जून १९७६ ला, सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर आली. निम्मे विषय अफ्रिकान्समधून शिकायचे हा हुकूम त्यांना मान्य नव्हता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. उठाव देशभर पसरला आणि पुढच्या महिन्यांत शेकडो माणसं मेली, त्यात पुष्कळ मुलं होती. तेव्हापासून जगाच्या मनात अफ्रिकान्स म्हणजे जुलूम करणाऱ्याची भाषा असं समीकरण बसलं. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण ते अर्धंच आहे.

कारण ही भाषा मुळात कुणाची? केपच्या वसाहतीत डच मालक, आणि त्यांच्याकडे इंडोनेशियातून, मादागास्करमधून आणि आपल्या बंगाल, कोरोमंडल, मलबारच्या किनाऱ्यांवरून धरून नेलेले गुलाम, शिवाय तिथले मूळचे खोईखोई लोक. या सगळ्यांच्या तोंडी डच मोडत-घडत गेली आणि अफ्रिकान्स तयार झाली. केळ्याला अफ्रिकान्समध्ये 'पिसांग' म्हणतात, तो मलायी शब्द. केपच्या मदरशांमध्ये एकोणिसाव्या शतकात अफ्रिकान्स चक्क अरबी लिपीत लिहिली जात होती. मालक लोक तिला नाक मुरडून 'कोम्बायस्ताल' म्हणत, म्हणजे स्वयंपाकघरातली भाषा. मला हा शब्द फार आवडला. ती कुणाच्या तोंडी रुजली असेल? मालकाची पोरं सांभाळणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या गुलाम बायकांच्या तोंडी तर नक्कीच. पुढे १९२५ साली ती राजभाषा झाली, राष्ट्रवाद्यांनी तिला सोवळ्यात बसवलं आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना बाहेर काढलं. आजही घरात अफ्रिकान्स बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा, सरकारी कागदांवर 'कलर्ड' म्हणून नोंदलेल्या मिश्र वंशाच्या लोकांची संख्या जास्त आहे. हे त्या भाषेच्या मालिकांतून फार उशिरा दिसायला लागलं. 'बिनेलांडर्स'मध्ये डॉ. स्टीव्ह अब्राहम्स हे पात्र क्लिंट ब्रिंक या कलर्ड नटानं केलं. नायकाच्या तोडीचा डॉक्टर असा माणूस असणं ही आपल्याला साधी गोष्ट वाटेल. त्या पडद्यावर ती साधी नव्हती.

आता दवाखान्याकडे येऊ. वर्णभेदाच्या राजवटीत रुग्णालयंही रंगानुसार वाटलेली होती. गोऱ्यांसाठी जोहान्सबर्ग जनरल, काळ्यांसाठी सोवेटोतलं बारागवानाथ. सुमारे तीन हजार खाटांचं, जगातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक, आणि तरीही पेशंट जमिनीवर. १९८७ साली तिथल्या शंभरावर डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून ही परिस्थिती उघड केली. ससूनच्या किंवा केईएमच्या वॉर्डात दोन खाटांच्या मधल्या चटईवर बाळंतिणीशेजारी बसलेल्या आपल्या मैत्रिणींना यात नवल वाटणार नाही. पण आपल्याकडे ते गरिबीच्या नावावर होतं. तिथे कायद्यानं होतं.

आणि नर्स. काळ्या मुलीनं शिकायचं तर दोनच वाटा, शिक्षिका व्हा नाहीतर नर्स व्हा. सेसिलिया माकिवाने १९०८ साली नोंदणीकृत नर्स झाल्या, काळ्या बायकांत पहिल्या. पन्नास वर्षांनी काय झालं? १९५७ च्या कायद्यानं नर्सेसची नोंदणीपुस्तकं वर्णाप्रमाणे वेगळी केली. ताप मोजायचा तोच, सुई टोचायची तीच, वह्या मात्र वेगळ्या. अल्बर्टिना सिसुलू या नर्स आणि दाई. ९ ऑगस्ट १९५६ ला पासच्या सक्तीविरुद्ध सुमारे वीस हजार बायकांनी प्रिटोरियाच्या सरकारी इमारतींवर मोर्चा नेला, त्यांच्या पुढाऱ्यांत त्या होत्या. नवरा वॉल्टर सिसुलू पंचवीसहून जास्त वर्षं तुरुंगात, आणि या नर्सचा पगार घर चालवतोय. दवाखान्यातल्या मालिका अशा बायकांच्या मांडता आल्या असत्या, रोज एक भाग, वीस वर्षं पुरतील इतक्या. नाही मांडल्या. जगभरात या मालिकांची गोष्ट डॉक्टरभोवती फिरते. नर्स ट्रे घेऊन येते, एखादी बातमी सांगते आणि जाते. प्रेमात पडली तरच थांबते.

मी म्हटलं नाही मांडल्या, पण एकदा मांडल्या. आणि मला मुख्यतः तेच सांगायचंय.

गार्थ जाफेट नावाचे तरुण डॉक्टर गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत काम करत होते. जुलाब झालेली मुलं येत, बरी होऊन जात, पुन्हा येत. हे औषधानं थांबणारं नाही हे कळायला फार हुशारी लागत नाही, आपल्या आरोग्यसेविकेलाही ते माहीत असतं. त्यांचं वेगळेपण असं की त्यांनी लोक संध्याकाळी काय बघतात हे बघितलं. त्यांनी आणि डॉ. शेरीन उस्दिन यांनी १९९२ साली 'सोल सिटी' नावाची संस्था काढली आणि १९९४ मध्ये, मंडेला निवडून आले त्याच वर्षी, याच नावाची मालिका सुरू झाली. सोल सिटी ही एक काल्पनिक वस्ती आणि तिच्या मध्यभागी एक साधा सरकारी दवाखाना. खाजगी नाही, लिफ्ट नाही. आणि मध्यवर्ती पात्र नर्स, सिस्टर बेटिना. लिलियन डुबे यांनी ती भूमिका केली. मालिका फुकट दिसणाऱ्या सरकारी वाहिनीवर होती. सोबत नऊ भाषांत रेडिओवर श्रुतिका आणि वर्तमानपत्रातून वाटलेल्या पुस्तिका. पात्रं एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत, वस्तीत बोलतात तशी मिसळून.

पहिला संच बाळ-बाळंतिणीवर होता. चौथा संच १९९९ सालचा, त्यात घरातली मारहाण घेतली. मात्लाकाला आणि तिचा नवरा थाबांग. थाबांग दारुडा नाही, गुंड नाही. चारचौघांत मान असलेला माणूस. हे त्यांनी मुद्दाम केलं. दारुडा दाखवला की प्रत्येकीला सुटका मिळते, 'आमचा काही पीत नाही' म्हणायला मोकळी. मात्लाकाला माहेरी जाते, तर माहेरचे सांगतात सोस. शेजाऱ्यांना आवाज ऐकू येतो आणि ते दार लावून घेतात. तुम्हाला ही गोष्ट मी पुढे सांगायलाच नको, तुम्ही ती रोज ऐकता. फरक पुढे आहे. एक दिवस शेजारी ठरवतात. पुढच्या वेळी आवाज आल्यावर सगळे बाहेर येतात, थाबांगच्या दारासमोर उभे राहतात आणि हातातली पातेली, झाकणं बडवायला लागतात. दार तोडत नाहीत, त्याला हात लावत नाहीत, भाषण करत नाहीत. फक्त आवाज करतात. 'आम्हाला ऐकू येतंय' एवढं कळवतात.

मारहाण होत असताना शेजारणीच्या मनात दोन भीती असतात. एक, तो माझ्यावर उलटेल. दुसरी, उद्या नवरा-बायको एक होतील आणि वाईट मी ठरेन. पातेल्याच्या आवाजाला दोन्हींवर उत्तर आहे. एकटी कुणी पुढे नाही, आणि कुणी काही बोललेलंच नाही. हे कुणा लेखकाला रात्री सुचलेलं नव्हे. ही संस्था गोष्ट लिहिण्याआधी बायकांशी, पोलिसांशी, दवाखान्यातल्या लोकांशी महिनोन् महिने बोलत असे, मसुदे त्यांना वाचून दाखवत असे. मालिका दाखवून झाल्यावर काही वस्त्यांत लोकांनी खरोखरच पातेली बडवल्याचं नोंदलं गेलं. थेम्बिसात तर एका दारूच्या गुत्त्यात एक जण मैत्रिणीला मारायला लागला तेव्हा गिऱ्हाइकांनी बाटल्या बडवल्या! गुत्त्यात, मैत्रिणींनो. आपण दारूबंदीसाठी गुत्ते फोडतो, त्यांनी गुत्त्यातच गट केला.

आपल्याला भांडी बडवणं नवीन नाही. १९७२ साली मुंबईत महागाईविरोधी मोर्च्यात मृणालताई, अहिल्याताईंबरोबर हजारो बायका थाळी-लाटणं घेऊन उतरल्या होत्या. पण ते सरकारच्या कानाशी होतं. शेजाऱ्याच्या दाराशी थाळी वाजवायला आपल्याला फार वेळ लागला. २००८ मध्ये 'बेल बजाओ' या मोहिमेत घराची घंटा वाजवायला सांगितलं, ती याच जातीची कल्पना.

या मालिकेची दुसरी बाजू कमी बोलली जाते. १९९८ साली तिथे घरगुती हिंसाचाराचा कायदा मंजूर झाला होता. चांगला कायदा. फक्त लग्नाची बायको नाही, सोबत राहणारीही. फक्त मारहाण नाही, पैसे अडवणं, मानसिक छळही. कोर्टाचा संरक्षण आदेश आणि तो मोडला तर अटक. पण कायदा कागदावर, अंमलबजावणीला मुहूर्तच नाही. 'सोल सिटी'नं स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांच्या देशव्यापी जाळ्याशी हातमिळवणी केली. गोष्ट मालिकेची, रेटा संघटनांचा. मालिकेत मात्लाकाला कायद्याबद्दल ऐकते, आणि बाहेर संघटना मंत्र्यांना विचारतात की तो लागू कधी करता. १५ डिसेंबर १९९९ ला कायदा लागू झाला. मालिकेमुळेच झाला असं मी म्हणणार नाही, वर्षानुवर्षं खपलेल्या संघटनांवर तो अन्याय होईल. पण लाखो लोक रोज ज्या बाईची काळजी करतायत तिच्यासाठी असलेला कायदा अडवून धरणं अवघड जातं, एवढं नक्की.

त्यांनी एक मदतीचा फोन क्रमांकही सुरू केला, फुकट. नंतरच्या पाहणीत ४१ टक्के लोकांनी या क्रमांकाबद्दल ऐकलं होतं. आणि घरातली मारहाण ही खाजगी बाब नाही असं म्हणणाऱ्यांत १० टक्क्यांची वाढ दिसली. दहाच? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मग विचार केला, आपल्या किती शिबिरांनंतर आपण असं मोजलंय? त्याच पाहणीत त्यांनी हेही लिहून ठेवलं की प्रत्यक्ष मारहाण कमी झाली की नाही हे सांगायला पुरेशी माहिती नाही. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात असं वाक्य लिहायला धाडस लागतं. आणि मारहाण संपली नाहीच. २०२२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष रामफोसांना याच कायद्याच्या दुरुस्तीवर सही करावी लागली, आधीचा पुरेसा पडला नव्हता म्हणून.

आता पुन्हा 'बिनेलांडर्स'. २००५ साल. दक्षिण आफ्रिकेत त्या वर्षी सरकारी दवाखान्यात तपासणीला आलेल्या गरोदर बायकांपैकी ३०.२ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. १९९० मध्ये हाच आकडा एक टक्काही नव्हता. बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध सरकार सगळीकडे देत नव्हतं, तेव्हा 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन'नं घटनात्मक न्यायालयात जाऊन २००२ मध्ये तो हक्क मिळवला. ज्यांच्यासाठी लढा होता त्या बायका रांगेत उभ्या होत्या, सरकारी दवाखान्याच्या. आणि पैसे भरून बघायच्या वाहिनीवर एक खाजगी क्लिनिक उघडलं. त्या देशात खाजगी रुग्णालयाचा खर्च भागवणारी वैद्यकीय योजना साधारण १६ टक्के लोकांकडे आहे. म्हणजे सहांतल्या एकीकडे. उरलेल्या पाच जणींनी ती मालिका पाहिली तरी त्या दारातून आत जाणार नाहीत.

पण म्हणून मी तिला मोडीत काढणार नाही. अफ्रिकान्सला १९९४ नंतर राज्यसत्तेचा टेकू उरला नाही, अकरा राजभाषांतली एक झाली. जी भाषा बंदुकीच्या जोरावर शिकवली जात होती तिला आता प्रेक्षक मिळवावे लागले, गोष्टीच्या जोरावर. १९९२ ते २०१० चाललेली 'एगोली', २००० ते २०२३ चाललेली 'सेवेन्दे लान' आणि ही 'बिनेलांडर्स', या रोजच्या मालिकांनी ते केलं. मला हा बदल चांगलाच वाटतो. आपल्या भाषेत रोज अर्धा तास कुणीतरी गोष्ट सांगतंय ही भावना काय असते हे परराज्यात राहिलेल्या मराठी बाईला विचारा.

अडचण वेगळीच आहे, ती रोजच्या मालिकेच्या घडणीत आहे. 'सोल सिटी'चा एक संच तेरा भागांचा. मात्लाकालाला कुठेतरी पोहोचायचं असतं. रोजच्या मालिकेला पोहोचून चालत नाही. नवरा सुधारला किंवा बाई सुटली की गोष्ट संपली, आणि उद्याचा भाग तर दाखवायचाच आहे. म्हणून तिथे दुःखाला उपाय नसतो, वळण असतं. शिवाय रुग्णालय खाजगी असलं की आजारही खाजगी होतो. पाणी घाण आहे, रांग लांब आहे, नर्स सोळा तास उभी आहे, यातलं काही दिसायला तो वॉर्डच नसतो. आपल्याकडच्या हिंदी-मराठी मालिकांतली रुग्णालयं आठवून बघा. आयसीयूच्या काचेतून रडणारी आई दिसते. डिपॉझिट भरायला दागिने मोडणारी बाई कितीदा दिसते?

आपल्या हातात वाहिनी नाही, हे मला माहीत आहे. 'सोल सिटी'ला परदेशी मदत होती, नव्या सरकारची सहानुभूती होती, तो काळच तसा होता. पण गोष्ट लिहिण्याआधी ऐकण्याची त्यांची पद्धत फुकट आहे. म्हणून दुपारच्या सत्रासाठी एक काम ठेवलंय. जेवणानंतर गटागटानं बसायचं. प्रत्येकीनं आपल्या वस्तीत घरातल्या मारहाणीचा आवाज शेवटचा कधी ऐकला, तेव्हा कोण बाहेर आलं, कोण आलं नाही आणि का, हे सांगायचं. नावं नकोत. गटातल्या एकीनं ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, शहाणपण न घालता. मग त्यातून दहा मिनिटांचं पथनाट्य कसं होईल ते बघू. सिस्टर बेटिनासारखी आपल्या पीएचसीतली नर्स त्यात हवी, आणि तिच्या हातात ट्रे नको. चारच्या आत जमलं तर संध्याकाळी करूनही दाखवू. कुणाला मध्येच प्रश्न असतील तर आत्ता विचारा, जेवायला अजून दहा मिनिटं आहेत.